आनुवंशिकता व सिकलसेलचा रोग

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्या घरोघरी रूढ आहे. मुलाचे नाक आजोबांवर गेले, मुलीचा आवाज थेट आत्याचा, असे आपण म्हणतो तेव्हा ह्या म्हणीचाच आधार घेत असतो. परंतु जिचा उलगडा ह्या म्हणीने होत नाही अशीही एक गोष्ट संसारात घडते. आई धडधाकट असते, बाप धडधाकट असतो, दोन्ही कुळांत कोणी दीर्घकाळ अंथरुणास खिळल्याचे कोणास आठवत नाही. आणि तरीही त्यांच्या पोटी आलेले मूल वर्षाचे होते न होते तोच त्याच्या हातापायांवर सूज येते, डोळे पिवळे पडतात, अंगात रक्त ठरत नाही, आणि हाडे दुखू लागली म्हणजे ते रात्र रात्र रडते. विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा व नागपूर ह्या जिल्ह्यांत, मेळघाटात, आणि तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी नंदुरबारकडे अशी घरे पुष्कळ आहेत. ह्या रोगास सिकलसेल म्हणतात. कोणी ह्यास बाहेरची बाधा समजतो, कोणी पूर्वजन्मीचे पाप समजतो. आणि बहुधा सर्वांचे बोट शेवटी त्या मुलाच्या आईकडे वळते. हा रोग वास्तविक येतो कोठून आणि पिढीतून पिढीत उतरतो कसा, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. विद्यार्थ्यांनी हा लेख घरी मोठ्याने वाचून दाखवावा अशी विनंती आहे. कारण ह्यातील निम्मा भाग त्यांच्या आईवडिलांकरिता लिहिला आहे.

ह्या विषयाचा आरंभ एका मठाच्या बागेत झाला. त्या काळच्या ऑस्ट्रियात, हल्लीच्या चेक प्रजासत्ताकात, ब्रनो नावाचे शहर आहे. तेथील मठात ग्रेगोर मेंडेल नावाचा एक संन्यासी राहत असे. १८५० साली तो शिक्षकपदाच्या परीक्षेस बसला व अनुत्तीर्ण झाला, ही गोष्ट परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ह्या मेंडेलने १८५६ पासून सुमारे आठ वर्षे वाटाण्याची लागवड केली. ज्या झाडांस पिढ्यानपिढ्या गोल दाणेच येतात अशी काही झाडे, व ज्यांस सुरकुतलेले दाणेच येतात अशी काही झाडे घेऊन त्याने त्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल निघाले. सुरकुत्या नाहीशाच झाल्या, असे कोणासही वाटले असते. परंतु तेच दाणे पेरून त्यांची दुसरी पिढी घेतली तेव्हा ५४७४ दाणे गोल आणि १८५० दाणे सुरकुतलेले मिळाले. म्हणजे तीनास एक हे प्रमाण जवळजवळ बरोबर पडले. नाहीसा झालेला गुण नाहीसा झालाच नव्हता; तो एका पिढीपुरता झाकला गेला होता.

मेंडेलने ह्यातून असे अनुमान काढले की, प्रत्येक गुणाकरिता झाडाजवळ दोन अंश असतात, एक मातेकडून आलेला व एक पित्याकडून आलेला. आणि ते झाड आपल्या संततीस ह्या दोहोंपैकी कोणता तरी एकच देते. गोलपणाचा एक अंश असला तरी दाणा गोल होतो. दाणा सुरकुतलेला होण्यास मात्र दोन्ही अंश सुरकुतीचेच असावे लागतात. त्याचा निबंध १८६६ साली छापून निघाला. पण त्याचे मोल ओळखणारा विद्वान १९०० सालापर्यंत कोणी निघाला नाही, आणि मेंडेल तर १८८४ सालीच निवर्तला होता.

ह्या अंशांस आता आपण जनुके म्हणतो. मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. त्यांतील २३ आईकडून व २३ बापाकडून येतात. ह्या सूत्रांवर जनुके ओळीने वसलेली असून, शरीराची प्रथिने कशी घडवावयाची ह्याचा मजकूर त्यांत लिहिलेला असतो. अशी सुमारे २०,००० जनुके आपल्याजवळ आहेत आणि बहुतेकांच्या दोन दोन प्रती आहेत. हा हिशेब पक्का बसला म्हणजे पुढचे सर्व सोपे आहे.

आता रोगाकडे वळू. १९०४ साली ग्रेनाडा बेटावरून एक तरुण दंतवैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेतील शिकागो शहरी आला होता. त्यास खोकला, ताप व अशक्तता ह्यांनी पछाडले म्हणून तो रुग्णालयात गेला. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे रक्त तपासले असता वाटोळ्या तांबड्या पेशींच्या मध्ये काही पेशी लांबट व वाकड्या, हुबेहूब विळ्यासारख्या दिसल्या. डॉक्टर जेम्स हेरिक ह्यांनी १९१० साली हे वृत्त प्रसिद्ध केले. इंग्रजीत विळ्यास सिकल व पेशीस सेल म्हणतात. त्यावरून रोगास नाव पडले. तो तरुण आपला अभ्यासक्रम पुरा करून मायदेशी परतला, त्याने तेथे दंतवैद्याचा व्यवसाय केला आणि १९१६ साली फुप्फुसदाहाने त्याचा अंत झाला.

पेशी वाकडी का होते? आपल्या रक्ताच्या एका घन मिलिमीटर थेंबुकल्यात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. त्यांत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन भरलेले असते. ते फुप्फुसात प्राणवायू घेते आणि अंगभर नेऊन पोचविते. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन प्राणवायू घेण्यात कमी पडते असे नव्हे. ते प्राणवायू देऊन रिकामे झाले म्हणजे त्याचे कण एकमेकांस चिकटून त्यांच्या काठ्या बनतात, ह्या काठ्या पेशीस आतून ताणतात, आणि मऊ लवचीक पेशीचा कडक विळा होतो. निरोगी पेशी केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही अंग चोरून निघून जाते. विळा तेथे अडकतो. एक अडकला की मागचे अडकतात, व पुढील भागाचे रक्त तुटते. हाडात असे झाले म्हणजे असह्य कळा येतात. प्लीहेत वारंवार झाले म्हणजे ती निकामी होऊन मुलास जंतुसंसर्ग चटकन होतो. मेंदूत झाले तर लहान वयातही पक्षाघात होतो. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही वाकडी पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त ठरत नाही आणि डोळे पिवळे दिसतात.

एवढा अनर्थ कशाने होतो हे ऐकून विद्यार्थ्यांस नवल वाटेल. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी ह्यांनी दाखविले की, रुग्णाचे हिमोग्लोबिनच निराळे असते. पुढे १९५६-५७ साली केंब्रिज येथे व्हर्नन इंग्रॅम ह्यांनी तो निराळेपणा नेमका कोठे आहे ते शोधून काढले. हिमोग्लोबिनच्या चार साखळ्या असतात. त्यांतील ज्या दोन साखळ्यांस बीटा म्हणतात, त्या प्रत्येकीत १४६ मणी आहेत. रुग्णाच्या साखळीतील सहावा मणी तेवढा बदललेला असतो. बाकीचे १४५ जसेच्या तसे! आणि हा मणी बदलतो तो जनुकाच्या मजकुरातील एका अक्षराच्या फेरफाराने. शुद्धलेखनाच्या तासाला ‘दिन’ आणि ‘दीन’ ह्यांतील भेदावर आम्ही गुण कापतो तेव्हा विद्यार्थी कुरकुर करितात, ‘गुरुजी, एका वेलांटीने काय बिघडते?’ येथे एका अक्षराने काय बिघडते ते त्यांनी पाहावे.

हे बदललेले जनुक एका प्रतीत असेल व दुसरी प्रत चांगली असेल, तर मनुष्य सामान्यतः निरोगी राहतो. तो शेत नांगरतो, विहीर खणतो, म्हातारा होतो. आपल्याजवळ असे काही आहे ह्याची त्यास वार्ताही नसते. अशा मनुष्यास वाहक म्हणतात, आणि तपासणीच्या कागदावर त्यापुढे ‘एएस’ असे लिहितात. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर तो रुग्ण. त्यापुढे ‘एसएस’ लिहितात. वाटाण्याचा गोल दाणा व सुरकुतलेला दाणा ह्यांची येथे आठवण व्हावी.

आता एक प्रयोग करावयाचा आहे, आणि त्यास काही खर्च नाही. सारीपाट खेळताना आपण चिंचोके फोडून फाशासारखे टाकतो. फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू काळसर व एक पांढरी असते. असे दोन अर्धे चिंचोके घ्यावे. एक आईचा, एक बापाचा. काळी बाजू म्हणजे चांगले जनुक, पांढरी म्हणजे बदललेले. दोघांजवळ दोन्ही आहेत, म्हणजे दोघेही वाहक आहेत, असे समजावे. दोन्ही चिंचोके एकदम टाकले की एक मूल जन्मले. असे शंभर वेळा टाकून वहीत टिपून ठेवावे. सुमारे २५ वेळा दोन्ही काळे पडतील. ते मूल सर्वस्वी मोकळे. सुमारे ५० वेळा एक काळा व एक पांढरा पडेल. ते मूल आईबापांसारखेच वाहक. आणि सुमारे २५ वेळा दोन्ही पांढरे पडतील. ते मूल रुग्ण. (चिंचोका दोन्ही बाजूंनी अगदी सारखा पडेलच असा भरवसा नाही, ज्यांस काटेकोर हिशेब पाहिजे त्यांनी दोन नाणी घ्यावी.)

ह्या खेळातून दोन गोष्टी उघड होतात. पहिली अशी की, मूल रुग्ण होण्यास दोन पांढरे लागतात. एकट्या आईच्या चिंचोक्याने ते कधीच होत नाही. ज्या घरात सुनेला बोल लावला जातो, तिला माहेरी धाडले जाते, प्रसंगी मुलाचे दुसरे लग्न ठरविण्यापर्यंत मजल जाते, त्या घरातील वडील मंडळींनी हा प्रयोग स्वहस्ते करून पाहावा असे आम्हांस फार वाटते. बापाचा वाटा येथे तंतोतंत निम्मा आहे; आणि बापाला तो त्याच्या आईकडून किंवा बापाकडून, म्हणजे बोल लावणाऱ्या सासूकडून किंवा सासऱ्याकडूनच, आलेला असतो.

दुसरी गोष्ट अशी की, चिंचोक्यास स्मरण नसते. पहिले मूल रुग्ण निघाले, आता पुढची तीन निर्धास्त, असा समज पुष्कळांचा आहे. तो चूक आहे. प्रत्येक खेपेस संभव तोच, चारांत एक. दोघे वाहक असलेल्या व चार मुले झालेल्या शंभर कुटुंबांचा हिशेब मांडिला तर सुमारे ३२ कुटुंबांत एकही मूल रुग्ण नसेल, आणि उरलेल्या ६८ मध्ये एक किंवा अधिक रुग्ण असतील. म्हणूनच वाहक असलेले एखादे कुटुंब दोन पिढ्या सुखरूप दिसते, आणि तिसऱ्या पिढीत रोग एकाएकी उगवल्यासारखा वाटतो.

लग्ने जमविताना ह्याचा विचार का हवा, हे आता सांगावयास नको. वाहकाने मोकळ्या व्यक्तीशी विवाह केला तर सिकलसेलचा रुग्ण जन्मत नाही. फार तर निम्मी मुले वाहक होतात. अडचण दोन वाहक एकत्र आले म्हणजेच आहे. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल अनेक समाजांत आहे. समजा, आजी वाहक आहे आणि घरात दुसरे कोणी नाही. तिचा मुलगा वाहक असण्याचा संभव निम्मा व नातीचा पाव. तसाच तिच्या मुलीचा निम्मा व नातवाचा पाव. म्हणजे त्या आतेमामे भावंडांचे लग्न झाल्यास दोघेही वाहक असण्याचा संभव सोळांत एक पडतो. पण नात्याबाहेर लग्न केले म्हणजे सुटलो असेही नव्हे. जेथे दर दहा माणसांत एक वाहक आहे, तेथे अगदी परक्या घरांतील वधूवर घेतले तरी शंभरांत एका जोडप्यात दोघेही वाहक निघतील. तेव्हा उपाय नाते टाळण्याने पुरा होत नाही. रक्त तपासण्याने होतो. पत्रिकेतील गुण जुळवून पाहण्यास जेथे दोन दोन दिवस खर्ची पडतात, तेथे बोटाच्या एका थेंबास अर्धा तास जड होऊ नये.

ह्या तपासणीविषयी एक खुलासा केला पाहिजे. गावात किंवा शाळेत होते ती सोल्युबिलिटीची पहिली चाचणी ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. ‘आहे’ म्हटल्यावर मूल वाहक आहे की रुग्ण आहे, ते तिने कळत नाही. त्याकरिता इलेक्ट्रोफोरेसिसची अथवा तत्सम दुसरी चाचणी करावी लागते. पहिल्याच चाचणीवर घाबरून मुलीचे लग्न मोडणे किंवा मुलास शाळेतून काढणे, हे अज्ञानाचे लक्षण होय. तसेच एकाकडून सिकलसेलचे व दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचे जनुक आले तरी मूल आजारी होते. यास्तव दोन्ही तपासून घ्यावे. विवाह आधीच झाला असेल व दोघे वाहक निघाले, तर गरोदरपणाच्या १० ते १३ आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करण्याची सोय मोठ्या रुग्णालयांत आहे. पुढे काय करावे हा प्रश्न त्या मातापित्यांच्या विवेकबुद्धीचा आहे. तेथे शेजाऱ्यांनी बोलू नये, आणि शाळामास्तरानेही बोलू नये.

इतका घातक दोष आजपर्यंत टिकला कसा, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. ह्याचे उत्तर हिवतापात आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन ह्या वैद्याने पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखविले की, वाहक मुलांस मेंदूत चढणाऱ्या जातीच्या हिवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळते. हिवतापाच्या जंगलपट्टीत मोकळी मुले तापाने जात, दोन्ही प्रती बदललेली मुले ह्या रोगाने जात, आणि वाहक तेवढी तगून राहत. म्हणून तेथे वाहक पिढ्यानपिढ्या वाढले. आफ्रिका, भूमध्य समुद्राचे काठ, अरबस्तान व हिंदुस्थान, जेथे जेथे हिवताप माजला होता तेथे तेथे हे जनुक सापडते. आपल्या देशात ते प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील लोकांत आढळले. पुढे मध्य व पश्चिम हिंदुस्थानातील आदिवासींत व इतरही समाजांत आढळले. सारांश, हा अमक्या जातीचा कलंक नव्हे. ज्यांचे पूर्वज डासांच्या मुलखात जगून राहिले, त्यांच्या जगण्याची ही किंमत आहे, आणि ती किंमत त्यांची नातवंडे पणतवंडे भरीत आहेत.

सर्वच आनुवंशिक रोग ह्याच वाटेने येत नाहीत. काहींत एकच बदललेली प्रत पुरते. हिमोफिलियात, म्हणजे रक्त न गोठण्याच्या रोगात, जनुक बहुधा आई वाहते आणि भोगतो मुलगा. मधुमेह, रक्तदाब ह्यांसारख्यांत पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा हात असून त्यांवर खाण्यापिण्याचा व राहणीचा मोठा परिणाम होतो. त्यांचे विवेचन येथे करावयाचे नाही.

रुग्ण मूल वर्गात असेल तर काय करावे, हे मात्र सांगितले पाहिजे. कारण येथे शिक्षक व सोबती ह्यांचा साक्षात संबंध येतो. हा रोग स्पर्शाने, उष्ट्याने अथवा एका बाकावर बसल्याने होत नाही. अशा मुलास पाणी वारंवार पिऊ द्यावे व लघवीस जाऊ द्यावे. त्याची मूत्रपिंडे पाणी राखू शकत नाहीत, म्हणून तासाला दोनदा हात वर केला तर तो खोडकरपणा समजू नये. भर उन्हातील कवायत, दमविणारी शर्यत, पावसात भिजणे, थंड पाण्यात पोहणे ह्यांपासून त्यास दूर ठेवावे. हाडे दुखतात म्हणून चार दिवस न आलेला मुलगा पाचव्या दिवशी हसतखेळत आला म्हणजे तो ढोंग करितो असे वाटते. पण ह्या दुखण्याची रीतच तशी आहे. ताप आला तर मात्र उद्यावर न टाकता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ह्या रोगाचा समावेश झाला आहे, ही गोष्ट पालकांनी टिपून ठेवावी.

औषधे आहेत काय? आहेत. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, लसी, लहानपणी पेनिसिलिन, आणि हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध ह्यांनी रुग्णाचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होते. ह्या शेवटल्या औषधामागील विचार फार मनोरंजक आहे. गर्भातील बालकाचे हिमोग्लोबिन निराळ्या जातीचे असते व त्यात हा दोष नसतो. म्हणूनच रुग्ण मूल जन्मानंतर पहिले काही महिने ठीक असते. पुढे ते हिमोग्लोबिन बनणे थांबते आणि दुखणे डोके वर काढते. हायड्रॉक्सियुरियाने ते जुने हिमोग्लोबिन पुन्हा काही अंशी बनू लागते. हिंदुस्थानातील पुष्कळ रुग्णांत ते जात्याच अधिक राहते, व त्यांचा रोग त्या मानाने सौम्य असतो. ह्याच धाग्यावर पुढे जाऊन शास्त्रज्ञांनी रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी बाहेर काढून, ते हिमोग्लोबिन बंद करणारी कळ जनुकांतच तोडून टाकण्याची युक्ती काढली. ह्या उपचारास ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेने डिसेंबरमध्ये मान्यता दिली. त्याची अमेरिकेतील किंमत २२ लक्ष डॉलर ठरली! आमच्या धानोऱ्याच्या किंवा धडगावच्या शेतमजुरास तूर्त त्याचा उपयोग नाही. त्यास आज उपयोगी पडेल ती तपासणीच. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहाडोल येथे केंद्र सरकारने जी राष्ट्रीय मोहीम सुरू केली तिचा भरही तपासणीवरच आहे. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांचे रक्त तपासावे व २०४७ पर्यंत रोगाचे उच्चाटन करावे, असे तिचे ध्येय ठरले आहे.

शेवटी विद्यार्थ्यांकरिता दोन उदाहरणे ठेवतो. पहिले : बाप रुग्ण आहे व आई सर्वस्वी मोकळी आहे, त्यांची मुले कशी होतील? दुसरे थोडे अवघड आहे. एका मुलीस सिकलसेल आहे, आईबाप दोघेही वाहक आहेत, आणि तिचा थोरला भाऊ तालमीत जाणारा, निरोगी असा आहे. तो वाहक असण्याचा संभव किती? निम्मा, असे बहुतेकजण चटकन म्हणतील. ते उत्तर बरोबर नाही. चिंचोके टाकून केलेली यादी पुन्हा काढावी, तीतून दोन्ही पांढरे पडलेल्या ओळी खोडून टाकाव्या, कारण भाऊ रुग्ण नाही हे आपणांस ठाऊक आहे. आणि उरलेल्या ओळी मोजून पाहाव्या.